भांड्याला भांडं

त्रिएस्तेहून एक पोरगा आला, खोकं घेऊन.
कागदाच्या चिंध्यांत सहा ग्लास,
लांब दांडीचे, पोटाशी रुंद, ओठाशी आवळलेले,
इतके पातळ की उचलताना
आपलाच हात जाडाभरडा वाटावा.
"महिनाभर ठेवून बघा, आवडले तर पैसे."
मी ठेवले. वरच्या फळीवर, जिथे आधी रेडिओ असायचा.

आमच्या कोर्मोन्समध्ये वाइन तायुतमधून पितात.
बुटका, जाड बुडाचा ग्लास, मुठीत लपणारा.
आपटला तर टक् म्हणतो, फुटत नाही.
सासूच्या वेळचे अजून बावीस आहेत माझ्याकडे.
त्यांचा वास कुणी घेत नाही.
एक घोट वाऱ्याला शिव्या द्यायला,
एक सरकारला,
तिसरा उठता उठता.

दुईलिओ ब्राइदोत रोज अकराला यायचा.
माझ्याकडची पांढरी वाइन त्याच्याच टेकडीची.
स्वतःची वाइन पैसे मोजून पिणारा
दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्या दिवशी बोरा वारा असा सुटला होता
की दार उघडायला खांदा लावावा लागे.
गिऱ्हाईक एकच, तोच.
मला काय सुचलं कोण जाणे,
एकाच बाटलीतून दोन ठिकाणी ओतली,
तायुतमध्ये, आणि त्या उंच बयेमध्ये.
"यात काय, मासा पाळू?" म्हणाला.
मग नाक आत घातलं.
त्याचं नाक मोठं, त्या ग्लासासाठीच बेतलेलं.

"कडू बदाम," म्हणाला.
थांबला.
"नासपतीची साल. आणि गवत, कापून उन्हात टाकलेलं.
निवेस, ही माझी?"
चाळीस वर्षं वाइन करतोय हा माणूस,
आणि लाजला.

पुन्हा नाक घातलं.
मग पुन्हा, जरा जास्त वेळ,
आणि चेहरा हळूहळू मिटला.
बदामाच्या मागे, गवताच्या खाली
ओल्या पुठ्ठ्याचा वास.

ईस्टरपासून त्याचा मुलगा इवो सांगत होता,
पप्पा, तिसरं पिंप गेलंय.
आणि हा म्हणाला होता,
माझ्या पिंपात नाक खुपसू नकोस.
लोक म्हणाले, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच.
पण या दोघांनी त्यानंतर
सणालासुद्धा ग्लासाला ग्लास लावला नव्हता.

त्याने तायुत उचलला. प्यायला. "इथे नाही."
उंच ग्लास. "इथे आहे."
परत तायुत.
दोन डॉक्टरांचे दोन रिपोर्ट हातात धरून
बसतं माणूस, तसा बसला.
वारा खिडकीच्या फटीतून शीळ घालत होता.

"चुगलखोर आहे तुझा ग्लास," म्हणाला,
आणि पैसे ठेवून गेला. टोपी विसरून.

गुरुवारी त्यांच्या परसातून धूर निघाला,
ओकच्या जुन्या लाकडाचा, दाट, गोडसर.
संध्याकाळी इवो टोपी न्यायला आला.
कुणी पाठवलं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

शनिवारी दोघं आले.
मी वरच्या फळीकडे हात नेला तर
म्हातारा नुसता भुवईनेच नको म्हणाला.
दोन तायुत.
टक्.
पुढचा अर्धा तास फवारणीवर वाद.

महिन्याने पोरगा आला तेव्हा पाच होते.
सहावा पुसताना गेला,
आवाजसुद्धा केला नाही,
हातात फडकं होतं आणि ग्लास नव्हता.
मी सहांचे पैसे दिले.

आता रात्री दार लावल्यावर कधीतरी
मी एकटीच एक काढते, दोन बोटं ओतते, संपवते.
रिकामा तायुत साबणाचा वास देतो.
हा रिकामा झाला की जास्तच बोलतो,
भरलेला असताना जे सांगितलं नाही तेही.
तो मी सकाळपर्यंत विसळत नाही.