बाराशे रुपयांत गुंडू

गंगापूर रोडच्या हॉटेलात, चहा-बिस्किटासकट
बाराशे रुपये. पडद्यावर गुंडू.
मुलांच्या चॅनेलवरचं ते खवल्या मांजर,
कुणी खेकसलं की अंगाचा चेंडू करतं
आणि उतारावरून घरंगळत
भलत्याच कुणाच्या तरी लग्नात जाऊन पडतं.

कोठावदे सर म्हणाले, लिहून घ्या.
बाजार बसला की अंग चोरा. खर्च आवळा.
खवले बाहेर, पोट आत.
उतार दिसला की त्याला संधी म्हणा.
मी लिहून घेतलं. शेजारी ओझरचा एक लेथवाला,
नखांत ग्रीस, अक्षर मात्र मोत्याचं.
त्यानेही लिहून घेतलं.

अंबडला आमचे खोके बनतात.
द्राक्षांचे, पाच किलोचे, वर घड छापलेला.
थेटे शेठनी फेब्रुवारीत चाळीस हजार उचलले,
पैशांचं विचारलं तर, "बघतो ताई."
जून उजाडला, बघतायत.

आणि मी? सरांच्या कितीतरी आधीपासून
गुंडूच होते.
फोन सायलेंट. कागदवाल्याला "मीटिंगमध्ये आहे."
पगाराच्या दिवशी गांगुर्डेमामा दारात उभे राहिले
तेव्हा कॅल्क्युलेटरवर उगीच बोटं चालवली,
शून्याला शून्याने भागलं.
एरर.

शनिवारी एमआयडीसी बंद.
रेवा टीव्हीसमोर, हातातली पोळी विसरलेली.
म्हटलं, हुशार आहे ना गं गुंडू?
कसा वाचवतो बघ स्वतःला.
मान न वळवता म्हणाली,
"हुशार कुठे? घाबरतो तो.
आणि गुंडाळल्यावर त्याला दिसत नाही काही.
म्हणून तर लग्नात पडतो."
जाहिरात लागली. तिने पोळी संपवली.

रविवारी (आमचा सोमवार रविवारीच येतो)
थप्पीतला एक खोका उचलून उभा केला.
आधी सपाट, मग घडीघडीने खोका.
बाजूंना आठ भोकं.
आत जिवंत काही ठेवायचं तर
भोकं लागतातच.
अकरा वर्षं हेच विकते आहे मी.

मामांना हाक मारली. न बोलावता बाकीचे सातही आले.
म्हटलं, निम्मा पगार आज.
निम्मा कधी, मला माहीत नाही.
खळीचा आंबूस वास. पंखा.
मग मामा म्हणाले, "हे एक तारखेला सांगायचं होतंत.
नातवाची फी उसनवारी करून भरली मी.
शाळा थांबली असती आठ दिवस,
मीच विचारलं नाही. पगार होईल म्हणून."
रागावले होते. जेवणाच्या सुट्टीतही
माझ्याकडे पाठ करून बसले.
पण दीड वाजता मशीन त्यांनीच सुरू केलं.

दुपारी दिंडोरी रस्त्याने शेठकडे.
शीतगृहाला लागून ऑफिस, आत बाहेरच्यापेक्षा उकाडा.
मला पाहिलं आणि शेठ
खुर्चीतल्या खुर्चीत आत आत जायला लागले,
मान कॉलरमध्ये, डोळे मोबाइलमध्ये,
सफारीच्या पाठीवर एकेक खवला
उभा राहताना मला दिसला.
त्यांनाही कुणीतरी "बघतो" म्हणालं असणार,
बंदरावरून, किंवा त्याच्याही पलीकडून.

वहीतलं एकही वाक्य आठवलं नाही.
खुर्ची ओढली. बसले.
"शेठ, चहा सांगा," म्हटलं.
"मी थांबते,
तुम्ही उलगडेपर्यंत."