ओरिस्तानो, खोली चार

चष्म्याचा नंबर काढायला आली होती बास्तियाना,
सामुगेओची विणकर.
फणीतून धागाच जात नाही म्हणाली.
हात मांडीखाली दाबून बसलेली.
चार वर्षं सगळे सांगत आले : मनाचं आहे,
लग्न मोडलं ना, म्हणून.
एकानं झोपेच्या गोळ्याही दिल्या.
सकाळी तिच्याआधी हात उठायचे.

मी दिवा तिरका केला.
बुबुळाच्या कडेनं
हिरवट-तपकिरी कडं,
घासायच्या राहिलेल्या तांब्याच्या काठासारखं.
खुर्ची मागे सारली, पुन्हा पुढे ओढली.
खात्रीसाठी नव्हे.
सुंदर होतं ते. मग माझी मलाच लाज वाटली.

"तुमचं यकृत तांबं बाहेर टाकत नाही," म्हटलं,
"साठवून ठेवतं."
"आमच्या घरात कुणीच काही टाकत नाही, डॉक्टर."

चष्मा दिला नाही.
मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी लिहिली : रक्त, लघवी, यकृत, लवकर.
गोळ्या बहुधा जन्मभर,
शिंपल्या बंद, चॉकलेट बंद.
ती बोटांवर मोजत होती,
बोटं मोजू देत नव्हती.

दारात धाकटा भाऊ, गाडीच्या किल्ल्या गरगर फिरवत,
हात अगदी स्थिर.
"तूही जा तिच्याबरोबर," मी म्हणालो,
"तुझंही रक्त तपासू दे."

किल्ल्या थांबल्या.