टॉवेलवरचं घर

सादूल शेठकडे ऑर्डर आली.
सहाशे टॉवेल, पांढऱ्यावर निळं,
मलेशियातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या दुकानासाठी.
राज्याच्या नावाचा अर्थ म्हणे नऊ राज्यं.
मोबाइलवर चार फोटो : दीपगृह, धबधबा, शहामृग,
आणि एक जुना राजवाडा,
छपराची दोन्ही टोकं वर उचललेली,
कुणी भुवया ताणाव्यात तशी.

शेठ म्हणाला, मल्लेशम, बघ काय बसतंय.

अठ्ठावीस वर्षं मी ग्राफचा कागद भरतोय.
एक चौकोन म्हणजे एक धागा.
मोर भरले, कमळं भरली,
एका पुढाऱ्याचा चेहरा भरला,
तो तिसऱ्या धुण्यालाच हसायचा थांबला.
धबधबा चौकोनात राहत नाही. तो सोडला.
शहामृग सोपा. मान सरळ असते.
अडलं ते छपरावर.

एजंट फोनवर म्हणाला,
ते म्हशीचं शिंग आहे हो, तिथल्या लोकांची खूण.
म्हशीचं होय?
मग कुंभारीच्या रस्त्यावर सायकल लावून
मी तासभर पंढरपुरी म्हशी बघत उभा राहिलो.
तलवारीसारखी शिंगं, पार खांद्यामागं गेलेली.
गुराखी म्हणाला, घ्यायचीय का?
म्हटलं, नाही, छप्पर घालायचंय.

एजंटचा निरोप आला : शिंगं फार लांब झाली.
तीन चौकोन कमी केले. जिवावर आलं.

रात्री राजव्वा सूप मांडीवर घेऊन,
कात्री पानावर, नजर माझ्या कागदावर.
हजाराला अजून दीडशे कमी होत्या.
कोण राहतं या घरात?
राजा राहायचा. नव्याण्णव खांब आहेत, खिळा एकही नाही.
पण त्या मुलखात, एजंट सांगत होता,
घर-शेत आईकडून मुलीला जातं.
आणि पुरुष?
लग्न करून बायकोच्या घरी.
तिनं दोरा दातानं तोडला.
मग तुमचं काय वेगळं चाललंय?

खरं होतं.
ही खोली विडी कामगारांच्या योजनेतली,
पाटीवर नाव तिचं, वीजबिलावर तिचं.
पंखा तेवढा माझा.

मी हसलो. खांब भरू लागलो.
नव्याण्णव मावत नव्हते, एकवीस धरले.
सोळाव्या खांबाला साखर पेठ आठवली.

बापाचं शेड, चार मागांचं.
नागमणी अक्का भिवंडीहून रात्रीच्या एसटीनं आली होती,
पोर काखेत, झोपेत लाळ गाळणारं.
वकिलानं बोट ठेवलं तिथं तिनं सही केली.
हक्कसोडपत्र म्हणतात त्याला,
सोडणाऱ्याला तो काय होता, कुणी सांगत नाही.
मी तिला इरकल नेसवली, डब्यात शेंगाचटणी दिली,
स्टँडवर सोडून आलो.
पुढं शेड विकलं. माग भंगारात गेले,
किलोच्या भावानं, लाकूड वेगळं, लोखंड वेगळं.
तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

सहाशे टॉवेल गेले.
अकरा सेकंडमध्ये निघाले, धागा तुटून
राजवाड्याचं एक शिंग अर्धंच राहिलेलं.
शेठनं दोन मला दिले.
एक राजव्वानं लगेच भिजवला,
तेंदूची पानं त्यात गुंडाळली, ओली राहावीत म्हणून.
आता रोज सकाळी
राजाच्या घरातनं तंबाखूचा वास येतो.

दुसरा भिवंडीला पाठवला, पार्सलनं, चिठ्ठीशिवाय.

आठ दिवसांनी अक्काचा फोन.
टॉवेल मऊ आहे रे. पण हे चित्र कसलं?
घरासारखं दिसतंय. कुणाचं?

तोंडाशी आलं होतं.
मागं तिच्या मुलाच्या पॉवरलूमची खडखड,
की माझ्याच कानात होती कोण जाणे.

म्हैस आहे, म्हटलं.
नीट बघ, शिंगं दिसतील.

ती थोडा वेळ बघत राहिली असावी.
मग म्हणाली, एकच दिसतंय.