साठ ग्रॅमची ओढ

एक्कावन्नाव्या वर्षी माझा दुधाचा दात पडला.
क्लाइपेदाच्या धक्क्यावर, टगच्या केबिनमध्ये,
काळ्या पावाच्या कडेत रुतून राहिला,
तांदळाच्या कणीएवढा,
मुळाशिवाय.
ब्रोन्यूस म्हणाला, "कप्तान, आता तुम्ही मोठे झालात."
हसतील त्यांचे दात दिसतील;
खलाशांचे सगळे जागच्या जागी होते.

शाळेत वर्षातून एकदा दातांची बाई यायची,
माझ्या कार्डावर लिहायची: येईल. वाट पाहा.
पाहिली.
अक्कलदाढा आल्या, किडल्या, उपटूनही झाल्या.
एक देश गेला, दुसरा आला,
खिशातल्या नोटा बदलल्या,
याची काही खबर नाही.

डॉक्टर मिग्लेनं एक्स-रे पडद्यावर लावला.
वय एकतीस, माझी मुलगी शोभेल.
"हा बघा."
टाळूच्या हाडात आडवा,
पुढच्या दातांच्या मुळांशी डोकं टेकवून
माझा सुळा झोपला होता.
खाडीपलीकडे वाळूच्या टेकड्यांखाली
अख्खी गावं आहेत, विहिरींसकट.
मला तीच आठवली.

तिनं गोड बोलून फसवलं नाही.
"चौदाव्या वर्षी यायला हवं होतं तुम्ही.
या वयात हाड हट्टी होतं.
दात हाडाशी एकजीव झाला असेल
तर ओढून येणार नाही.
दोन वर्षं, आणि हमी नाही.
काढून टाकणं सोपं,
तिथे स्क्रूचा दात बसवू."

मी विचारलं, ओढायला जोर किती लागतो?
"साठ ग्रॅम."
माझी बोट साठ टनांनी ओढते.
खुर्चीतच हसू फुटलं.

टाळू उघडली, दाताला चिकटवली
सोन्याची साखळी,
मुंगीच्या कमरेइतकी बारीक,
आणि टाळू परत शिवली.
मिशीखाली पोलादी कुंपण आलं.
फेरीच्या तिकीटवालीनं सुटे देताना
नजर दुसरीकडे वळवली.
ब्रोन्यूसनं विचारलं,
साखळी गहाण टाकली तर किती येतील.

नव्या पोरांना आम्ही पहिल्या दिवशी सांगतो:
झटका द्यायचा नाही.
दोर पाण्यातून वर येऊ दे,
ताणू दे, ठिबकू दे,
मग थांब.
जहाज हललं हे आधी पाण्याला कळतं.

सात महिने काही हललं नाही.
उलट शेजारचेच दात त्याच्याकडे झुकू लागले,
जड जहाजानं टगलाच ओढून न्यावं तसे.
मिग्लेनं जुना एक्स-रे नव्यावर ठेवला.
केसाएवढा फरक.
दात सरकला, की फोटो काढताना माझी मान?
तिला सांगता येईना, मला विचारवेना.
"ईस्टरपर्यंत बघू," म्हणाली,
आणि टाळूत एक बारीक स्क्रू पिळला,
आता ओढ त्याच्यावरून.
"धक्क्यावरचा खुंटा," मी म्हणालो.
तेव्हा ती मोकळी हसली.
तिचेही खालचे दोन दात
एकमेकांवर चढलेले.

ईस्टर गेला. तिनं थांबू या म्हटलं नाही,
मीही आठवण केली नाही.

मे महिन्यात, धुक्यात,
तेलाचं जहाज वळवत होतो.
जीभ सवयीनं टाळूवर फिरली
आणि कापली.

टोक.
कशालाच न झिजलेलं,
शाळकरी पोराच्या सुळ्याचं.
तोंडात रक्ताची चव,
रेडिओवर ब्रोन्यूस:
"दोर ढिला करू का?"
नको, म्हटलं.
राहू दे असाच.

आता तो रांगेत उभा आहे, जरा तिरका,
बाकीच्यांहून पांढरा.
त्यांनी तंबाखू पाहिली, दोन लग्नं पाहिली,
झोपेत एकमेकांना दळून काढलं.
हा यातल्या कशालाच नव्हता.

दुधाचा दात काड्यापेटीत आहे,
नकाशांच्या खणात.
दोघांची गाठ घालून द्यावी का,
ठरत नाही.
पाव पुढ्यात आहे.
मी अजून दुसऱ्या बाजूनं चावतो.