दुपारनंतर या

बूट घ्यायचेत ना, मग दुपारनंतर या.
सकाळचे पाय खोटं बोलतात,
नुकते झोपून उठलेले, सडपातळ, शहाण्या मुलांसारखे.
चारच्या सुमारास ते खरे होतात.
योकमोकच्या या दुकानात सतरा वर्षं
मी परक्या माणसांच्या टाचा ओंजळीत धरल्यात,
मला विचारा.

एस्किल मात्र सकाळीच आला,
दक्षिणेकडून, रात्रभर रेल्वेत बसून.
सॅकवरच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या.
परवा निघणार, आठ दिवस, पाड्येलांताच्या वाटेनं.
त्यानं फळीवरचा सगळ्यात महाग जोडा उचलला
आणि म्हणाला, हाच.

मी म्हटलं, बस. मोजे काढ. नखं बघू.
ही अशी ठेवलीस तर प्रत्येक उतारावर
नखं बुटाशी भांडतील
आणि बूट जिंकेल.

आमच्याकडे एक तिरकी फळी आहे, मालकानं, बिर्गेरनं, ठोकलेली.
उतर तिच्यावरून. अंगठा पुढे टेकला?
टेकला.
हा घे, अर्ध्या नंबरानं मोठा. आता चढ. टाच उचलते?
थोडीशी.
त्या थोडीशीचाच फोड होतो, बाबा,
दुसऱ्या दिवशी, अकराच्या आसपास.

"पण वापरून सैल होतात ना?"
होतात की. शंभर किलोमीटरनंतर.
तोवर तू सैल झालेला असशील.

जुने कुठायत, मी विचारलं.
सॅकच्या तळाशी होते, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून.
डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली,
चामडं त्याच्या पायाच्या हाडासारखंच वाकलेलं,
नाडी एका जागी तुटून पुन्हा बांधलेली, बायकी गाठीनं.
"आम्ही दोघांनी एकाच दिवशी घेतले होते," तो म्हणाला,
आणि फळीकडे बघत राहिला.
मी पुढचं विचारलं नाही.
जोडा कुठे चावतो ते ज्याचं त्याला माहीत.

माझा मामा नीलास रेनडियरच्या कातड्याचे जोडे घालायचा,
मोज्यांशिवाय, आत दलदलीतलं गवत.
ऑगस्टमध्ये कापायचं, दगडावर बडवून मऊ करायचं,
पीळ देऊन वेटोळी करून ठेवायची.
रात्री सगळं बाहेर काढून विस्तवापाशी पसरायचं,
सकाळी पुन्हा भरायचं, मूठ मूठ,
बोटांच्या मध्ये, घोट्याभोवती.
मी लहानपणी कंटाळून दाराशी उभी राहायची.
एका वसंतात कळप पुढे गेला म्हणून
त्यानं ओलंच गवत कोंबलं.
डाव्या पायाची दोन बोटं तिथेच राहिली.
थंडीनं नेली, असं सगळे म्हणतात.
मामा म्हणायचा, घाईनं.

तर मी एस्किलला बूट विकले नाहीत.
विकले ते हे: आत घालायचे पातळ मोजे,
वरून लोकरीचे, दोन जोड्या.
चिकटपट्टी. (गरम वाटलं की लाव. दुखायला लागल्यावर नाही.)
मेणाची डबी, नवी नाडी.
नदीत उतरायला स्वस्तातल्या सँडल,
अनवाणी शहाणपणा करू नकोस, तळाचे दगड शेवाळलेले असतात.
आणि एक जाड जोडी, फक्त झोपायची.
काहीही होवो, ती घालून चालायचं नाही.
आठ दिवस तेवढंच तुझं घर.

नवी नाडी त्यानं खिशात ठेवली. ओवली नाही.

बिर्गेरनं संध्याकाळी गल्ला मोजला,
माझ्याकडे बघितलं, आणि कॉफीत साखर जरा जास्तच घातली.

अकरा दिवसांनी दाराची घंटा वाजली.
उन्हानं सोललेलं नाक, मानेवर डासांनी मांडलेला नकाशा.
न सांगता बसला, न सांगता मोजे काढले.
नखं कापलेली.
एकच फोड, उजव्या करंगळीवर, तोही वाळत आलेला.
जुन्या बुटांत आता नवी नाडी होती.
"आता दाखवा," तो म्हणाला, "घाई नाही."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.