अठरा नंबर

ब्रुसाती हे नाव तुम्ही ऐकलं नसणार.
दोन भाऊ, पो नदीच्या मळईत कुठंतरी एक पत्र्याची शेड,
नऊ वर्षांत एकोणचाळीस गाड्या, मग कर्ज.
कंपनीचा इतिहास एवढाच.
मला तो गाडीखाली आडवं पडून कळला,
बाबांना कंदील धरताना.

मुरगावच्या धक्क्यावर उतरली तेव्हा
जकातवाल्या पाकल्यानं तिला खेळणं समजून
शिक्का मारला म्हणे.
मँगनीजच्या पैशाचं काय करावं
हे बातकार सालुस्तियानला सुचत नव्हतं.
कुडचड्याच्या खाणवाटेवर ती
जमिनीपासून चार बोटं वर,
पोट खरवडत, ट्रकांमागून खोकत चालायची.
रंग लाल की धूळ लाल
हे धुतल्यावरच ठरायचं.

मग एका ट्रकानं तिला घासलं.
बाबा, पुरसो च्यारी: जन्म नांगराच्या फाळांत गेलेला,
अ‍ॅल्युमिनियम पहिल्यांदाच हाती आलं.
मडगार्डला टिचकी मारली, कान लावला.
"हें सांच्यांतलें न्हय. कोणें तरी हातान बडयलां."

उलटा केला तर आतून हजार घाव,
खवल्यांसारखे, सगळे एकाच अंगाला कललेले.
डावखुरा, बाबा म्हणाले. आणि घाईत.
दाराच्या आत ठिगळ होतं तेलाच्या डब्याचं,
त्यावर अर्धी बाई हसत होती.
म्हणजे त्या वर्षी
पत्रा उधार मिळत नव्हता.

मडगावच्या शाळेतल्या पोर्तुगीजमध्ये मी पत्र लिहिलं,
शब्दांच्या शेपट्या थोड्या वळवून इटालियन केल्या:
गाडी नंबर अठरा, मडगार्डचा आराखडा मिळेल का?
खाली बाबांनी लिहायला लावलं,
डावखुऱ्याला नमस्कार.

सात महिने. मधल्या काळात पोर्तुगीज गेले.
पाकिटावर अजून त्यांचाच इंडिया,
तरी पोस्टमन सायकलवरून घेऊन आला.
हिशेब ठेवणाऱ्या बहिणीचं उत्तर:

आराखडा कधी नव्हताच.
लाकडी साचा होता, तो शेवटच्या हिवाळ्यात जाळला.
डावखुरा तो धाकटा, एर्मेते. आता बस दुरुस्त करतो.
नमस्कार वाचून दाखवला, तो अंगणात निघून गेला.
आणि तुमची गाडी अठरावी नाही.
सतरा आमच्याकडे अशुभ, कुणी घेतली नसती.
मी वहीत एक आकडा गाळला.

बाबा ठसका लागेपर्यंत हसले.
मग फणसाच्या लाकडाचा साचा कोरला,
ऐरणीच्या पलीकडे जाऊन बसले,
हातोडी डाव्या हातात.
तीन आठवडे लागले. अंगठा दोनदा ठेचला.
घाव मात्र तसेच कलले, जुन्यांत मिसळले,
कुठं इटली संपते हे मलाही
बोट फिरवून सांगता येईना.

इतका वेळ का? सालुस्तियान चिडला.
बाबांनी त्याला खरं ते सांगितलं.
तो इगर्जीत जाऊन मेणबत्ती लावून आला
आणि महिन्याभरात गाडी विकून मोकळा झाला.

विकतानाच्या कागदावर, त्याच्या रेखीव अक्षरात,
नंबर अठरा.