सत्तेचाळीस नंबर

उद्या उघडणारी कळी आज संध्याकाळी ओळखावी लागते.
ती मिटलेल्या छत्रीसारखी दिसते.
हलकेच चिरायची, पाचही पुंकेसर चिमट्याने काढायचे,
वर सरबताच्या नळीचा तुकडा, टोपीसारखा,
म्हणजे मधमाशी आपल्या आधी पोचत नाही.
पहाटे साडेपाचला टॉर्च दातांत धरून
दुसऱ्या वेलाचा पराग लावायचा,
दोऱ्याला चिठ्ठी: आई कोण, बाप कोण, तारीख.
दहा फुलं बांधली की सातेक गळतात.

टोकावड्याच्या पुढे, काळू नदीच्या अंगाला
अकरा हिवाळे मी हेच करतो आहे.
लोक विचारतात, काय करता?
मी म्हणतो, रताळ्यांची लग्नं लावतो.
हसतात. चहा देतात.

सत्तेचाळीस नंबर माझा लाडका.
कापला की आत पिकल्या पपईचा रंग,
पानांवर रोगाचा एक ठिपका नाही.
प्रयोगशाळेतून आकडे आले त्या रात्री
मी गेस्ट हाउसच्या पायरीवर एकटाच बसून
दोन उकडलेली खाल्ली, सालीसकट.

मग वाडीवर चाखायला नेला.
तेरा बायका, पळसाच्या पानांवर तेरा तुकडे,
समोर माझा तक्ता: रंग, गोडी, दोरे, एकूण पसंती.
बुधी उघडेने तुकडा तोंडात फिरवला,
बाजूला वळली आणि थुंकली.
'पानचट हाय.'
थोड्या वेळाने, माझ्या तोंडाकडे बघून, जरा हळू:
'रताळा खाल्ला का दुपार निघाया पायजे.
ह्या खाऊन माणूस बांधाला पोचत नाय.'

वाशीच्या मार्केटातला गाळेवाला वेगळ्या शब्दांत तेच बोलला होता.
शिवरात्रीच्या आधी दोन पोती नेली होती मी.
'साहेब, गाजराचा गाळा पलीकडे आहे.'

तक्त्यात मी लिहिलं: पसंती, तेरापैकी दोन.
त्या दोघी कोण, ते विचारायला हवं होतं.

पौषात बुधीकडे गेलो ते दुसऱ्याच कामाने.
ओढ्याकाठी तिचा एक जुना वेल आहे, नाव नाही,
पांढरा, दोरे फार, दिसायला ओबडधोबड,
पण इतका खोल बसतो
की सोंड्या किडा वरच्या वर भुकेला मरतो.
मला त्याचं बेणं हवं होतं.
ती कोयता आणायला आत गेली
आणि मी मागच्या अंगाला वळलो.

मोरीच्या पाण्यावर, कुडाला टेकून,
एक हातभर वाफा.
ते पान मी झोपेतही ओळखलं असतं.

'हा सत्तेचाळीस,' मी म्हटलं.
'आसंल,' ती म्हणाली.
'थुंकली होतीस की.'

तिने उत्तर दिलं नाही लगेच.
अंगणात तिचा नातू मंगळ्या बसला होता.
दिवस कलला की हा पोरगा
चुलीचा जाळ बघत बसतो, जागचा हलत नाही;
तिन्हीसांजेला दोनदा तो विहिरीच्या काठावर अडखळला होता,
हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं, तिने नाही.

'नर्सबाय बोलली, पिवळा खाऊ घाल.'
मग कोयत्यानेच दाखवलं,
आधी मोरीकडे, मग ओढ्याकडे:
'हा पोऱ्याचा. तो पोटाचा.'

अकरा हिवाळे,
आणि माझ्या तक्त्यात या दोन ओळींना रकाना नव्हता.

आता थंडीत दोन्ही वेल मांडवावर शेजारी चढवलेत.
बुधीचा वेल फुलायला कुरकुर करतो,
आला तर आठवड्याला तीन कळ्या.
काल एक बोंड पिकलं. आत चार बिया,
काळ्या, मोहरीहून थोड्या मोठ्या, दगडासारख्या.
पात्याने साल खरवडल्याशिवाय त्यांच्यात पाणी शिरत नाही.
चारही आगपेटीत ठेवल्यात.
चारांतून एकही धड न निघण्याची शक्यता
मला तोंडपाठ आहे.

चिठ्ठीवर आईच्या जागी काय लिहू?
रजिस्टरला नंबर लागतो.
मी 'बुधीचा, ओढ्याकाठचा' असं लिहिलं,
शाई वाळेपर्यंत थांबलो,
आणि उद्याच्या कळ्या बघायला
टॉर्चचे सेल बदलले.